व्याह्यांनी विचारलं, प्रागला जावं का?

परत येऊन अंगाचा शीण उतरला नव्हता, तोच लोह्याहून व्याह्यांचा फोन. व्याही म्हणजे माझ्या थोरल्या मुलीचे सासरे. माणूस हौशी. गळ्यातलं इष्टलिंग ठेवायला लातूरच्या सराफाकडून नक्षीची चांदीची डबी करून आणतील आणि ती दिसावी म्हणून सदऱ्याची वरची गुंडी उघडी ठेवतील, असे हौशी.

"अप्पा, पुढच्या उन्हाळ्यात आमी बी तिकडं जायचं बगून राहिलो," ते म्हणाले. "तुमी जाऊन आलात. एका शब्दात सांगा, जावं का न्हाई?"

एका शब्दात! उदगीरच्या मोंढ्यात माझं आडतीचं दुकान आहे. तुरीचं विचारलं तर मी एका शब्दात सांगतो, कारण ती मुठीत घेऊन पाहिलेली असते. प्राग मुठीत घेतलं तर निम्मे दाणे टपोरे आणि निम्मे किडके निघतात, आणि किडक्यांवर माझा राग अजून गेलेला नाही. म्हणून व्याह्यांना म्हणालो, सविस्तर लिहितो, वाचा आणि तुमचं तुम्ही ठरवा.

जळकोटच्या भिंतीवर

मला स्वतःला प्रागला जायचं काही कारण नव्हतं. जायचं होतं अक्काला. अक्का माझी सख्खी मोठी बहीण, जळकोटला दिलेली. तिच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या भिंतीवर खताच्या दुकानानं फुकट वाटलेलं एक कॅलेंडर होतं. वरती मोठं रंगीत चित्र: लाल कौलांची दाट घरं, मधून वळलेली नदी, तिच्यावर कमानींचा जुना पूल, टोकदार मनोरे. सगळं कुठून तरी उंचावरून टिपलेलं. वर्ष सरलं तेव्हा अक्कानं तारखांचा भाग कात्रीनं कापला आणि चित्र तसंच ठेवलं. पुढे घराला रंग दिला, चूल जाऊन गॅस आला, दाजी गेले, पण चित्र हललं नाही. भाकरी थापताना ती त्या गावात हिंडून यायची. कुठलं गाव, ते तिला ठाऊक नव्हतं आणि कुणाला विचारायचीही नाही.

मागच्या वर्षी माझ्या धाकटीनं त्या चित्राचा फोनवर फोटो काढला आणि गाव शोधून दिलं. प्राग. अक्का मला लहानपणापासून बसू म्हणते. ती लगेच म्हणाली, "बसू, हे चित्र जितनं काढलंय तितं मला उभं ऱ्हायचं हाय. बाकी काय दाखवू नका."

आयुष्यात तिनं माझ्याकडं मागितलेलं हे पहिलं. मी एका सहल कंपनीत दोघांची नावं घातली. ते चित्र ज्या मनोऱ्यावरून टिपलेलं, तो त्यांच्या कार्यक्रमात होता, 'आतून व वरून' असं ठळक छापलेलं.

आता एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही. आम्ही लिंगायत. गळ्यात इष्टलिंग असतं. रोज ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच अन्न. ते अंगावेगळं करायचं नाही. माणूस गेला तरी ते त्याच्यासोबत मातीत जातं, खुंटीला टांगून राहत नाही. माझं कापडात बांधलेलं आहे. अक्काचं आमच्या अव्वानं, म्हणजे आईनं, दिलेल्या चांदीच्या डबीत.

हैदराबादच्या विमानतळावर यंत्र कुईं करून वाजलं. तिथल्या पोलीस बाईनं अक्काला पडद्याआड नेलं, डबीवरून हातातलं यंत्र फिरवलं आणि नमस्कार करून सोडलं. मध्ये विमान बदललं तिथंही एका गोऱ्या बाईनं डबी बोटानं चाचपली आणि जा म्हणाली. हे ध्यानात ठेवा. पुढे लागेल.

दगडी रस्ते

प्रागचे जुने रस्ते फरशीचे नाहीत, डांबराचे नाहीत. मुठीएवढे दगड शेजारी शेजारी ठोकलेले. चित्रात फार देखणे दिसतात. त्यांच्यावरून चाकाची बॅग ओढत हॉटेल गाठायचं म्हणजे ढेकळातून हातगाडी नेण्यासारखं. माझ्या बॅगेचं एक चाक पहिल्याच वळणावर निखळलं आणि उतारावरून असं पळालं की एका कॅफेत बसलेल्या बाईनं पाय वर घेतले. बस दारापर्यंत का येत नाही, असं मी आमच्या टूरच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, जुन्या शहरात बसला परवानगी नसते." मग हे छापील कार्यक्रमात का नव्हतं? तिथं तर 'आरामदायी' हा शब्द पानोपानी होता.

चौकातल्या जगप्रसिद्ध घड्याळाचंही ऐका. तास भरायच्या आधी तिथं मुंगीला शिरायला जागा नव्हती. सगळ्यांचे फोन वर. तास झाला, एका सांगाड्यानं घंटी वाजवली, दोन खिडक्यांतून लाकडी बाहुल्या फिरून गेल्या, एक कोंबडा घसा बसल्यासारखा ओरडला, संपलं. एवढ्यासाठी अर्धं जग मान वर करून उभं!

"झालं?" मी विचारलं.

"झालं," अक्का म्हणाली. "पर बाहुल्या ग्वाड हायेत रे."

आमच्यासोबत लातूरचे एक निवृत्त इंजिनिअर साहेब होते. त्यांना ते घड्याळ इतकं आवडलं की मला न आवडल्याचा त्यांना राग आला. "ही माणसं शिस्तीमुळं मोठी झाली," ते म्हणाले. "इथं नियम म्हणजे नियम." हे वाक्य ते दिवसातून पुष्कळ वेळा म्हणत. न्याहारीच्या रांगेत मात्र अंड्यांकडं जायला ते नेहमी डाव्या बाजूनं घुसत.

चांगलंही लिहितो, नाहीतर व्याही म्हणतील अप्पा नुसते करवादतात. ट्राम घड्याळाच्या ठोक्याला येते. हॉर्न म्हणून ऐकू येत नाही. आणि जुनं ते इतकं निगुतीनं सांभाळलेलं की जीव जळतो. कुठल्या कुठल्या राजाच्या काळची भिंत, पण तिच्यावर कुणी खिळ्यानं बाण मारलेलं बदाम काढलेलं नाही. आमच्या उदगीरच्या किल्ल्यात जा. कोण कुणावर प्रेम करतं याची सगळी माहिती तटावर मिळेल. हा राग प्रागवरचा नाही, घरचा आहे, पण तिथं उभं राहिल्यावरच तो आला.

सूर्य मावळेना

आम्ही गेलो ज्येष्ठात. तिकडे त्या दिवसांत सूर्य रात्री जेवायची वेळ टळून गेली तरी मावळत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. अक्का संध्याकाळीही पूजा करते. दिवेलागण झाली की हातपाय धुऊन लिंगपूजा, मग दुसरं जेवण. जळकोटला यात कधी अडचण आली नाही, कारण जळकोटचा सूर्य वेळेवर घरी जातो.

हॉटेलातलं जेवण उजेडातच लागायचं. अक्का खोलीच्या खिडकीशी बसून आभाळाकडं बघत राही. सगळ्यांचं जेवण उरके, भांडी उचलली जात, ऊन समोरच्या कौलांवर तसंच.

मॅडम बोलवायला आल्या. त्यांना कारण सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मावशी, मग पडदे ओढून घ्या ना. होतोच अंधार."

पडदे ओढून दिवेलागण! मी काहीतरी बोलणार होतो, पण अक्कानं मला डोळ्यानं दटावलं. त्या पोरीला म्हणाली, "न्हाई बाई, देवाला कळतंय." मग सूर्य गेल्यावर पूजा करून आम्ही दोघांनी पलंगावर वर्तमानपत्र पसरलं आणि घरून आणलेली कडक भाकरी शेंगाच्या चटणीशी खाल्ली. तेल आणायचं राहिलं होतं, म्हणून चटणी पाण्यातच कालवली. रोज हेच. जेवणाचे पैसे कंपनीनं आधीच घेतलेले होते, ते काही परत मिळाले नाहीत.

तसं त्या जेवणात फार गमावलं असंही नाही. पहिल्या दुपारी 'व्हेज' म्हणून जे सूप आलं त्यात गुलाबी बारीक तुकडे तरंगत होते. मी वाढप्याला बोलावून दाखवलं. तो हसून म्हणाला, अगदी थोडंसं आहे. थोडंसं! विष थोडंसं असलं तर चालतं काय? मी ते सूप त्याच्यासमोर लांब सरकवलं. इंजिनिअर साहेबांनी ते आपल्याकडं ओढून संपवलं.

पूल

नदीवरच्या जुन्या पुलावर दोन्ही बाजूंनी संतांचे दगडी पुतळे आहेत. अक्का सगळ्यांना हात जोडत चालली. एका पुतळ्याखाली धातूची पाटी होती. लोकांनी हात लावून लावून तिचा एक भाग पिवळाधमक केलेला. हात लावला की मनातलं पुरं होतं म्हणे. रांगेतली गोरी बाई डोळे मिटून पुटपुटत होती.

"हेंच्यातबी हाय की हे," अक्का खूश होऊन म्हणाली आणि तिनंही हात लावला.

"काय मागितलंस?"

"उद्या गुडघं धड ऱ्हाऊ दे म्हणलं."

दुसऱ्या दिवशी मनोरा होता. गुडघ्यांची काळजी करत आम्ही झोपलो. काळजी भलत्याचीच केली, ते सकाळी समजलं.

मनोऱ्याच्या दारात

त्या मनोऱ्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या एका दारावरच्या बाईमुळं सगळ्या गावाची बदनामी नको, एवढं भान मला रागातही आहे.

दारात तपासणीचं यंत्र होतं. सामान ट्रेमधून जातं, माणूस चौकटीतून. आमच्या पुढच्या माणसाच्या बुटांना लोखंडी टाचा होत्या. चौकट वाजली, म्हणून त्यानं बूट काढून ट्रेमध्ये ठेवले. ट्रे यंत्रातून फिरून आला आणि त्यानं बूट उचलले. मग अक्का चौकटीतून गेली. वाजलं.

निळ्या शर्टातल्या उंच बाईनं अक्काच्या गळ्याकडं बोट केलं, मग त्याच ट्रेकडं. बुटांची माती अजून त्यात होती.

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की हा दागिना नाही, हा देव आहे, काढत नाहीत, वाटलं तर हातानं चाचपा, विमानतळावर असंच केलं. ती म्हणाली, ट्रेमध्ये ठेवा किंवा बाहेर थांबा. मी म्हणालो, हातातलं यंत्र आणा. ती म्हणाली, इथं नाही. विमानं उडवणाऱ्यांना जे चाललं ते चार भिंतींच्या मनोऱ्याला चाललं नाही!

पण खरं सांगू, त्या बाईचा मला निम्माच राग आला. तिला लिंग काय, डबी काय, कुणी कधी सांगितलं असेल? राग आला तो आपल्या माणसांचा. मागं आमचाच सगळा जथा उभा होता, लातूरचे, नांदेडचे, सगळे. त्यातला एक जण म्हणाला, "काढा की मावशी, दोन मिन्टांचं काम." दुसरी म्हणाली, "देव काय बगायला बसला का?" मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या, "काका, त्यांना बाकावर बसवा, आम्ही पटकन वर जाऊन येतो." आणि इंजिनिअर साहेब मोठ्यानं म्हणाले, "हे सगळं घरी ठेवून यायचं असतं. नियम म्हणजे नियम."

बारशाला, लग्नाला आपापल्या गावच्या लिंगायत गल्लीत जाऊन जिलेबी खाणारी ही माणसं. त्यातल्या एकानंही त्या बाईला सांगितलं नाही की थांबा, हिचं ऐका. सगळे आम्हाला वळसा घालून आत गेले. मी अक्काला म्हणालो, "चल. नको आपल्याला ह्यांचा मनोरा. आपल्या घरी चित्र हाय."

अक्का बाकावर बसली होती. डबी मुठीत. ती चित्राचं ऐकून माझ्याकडं बघायला लागली, आणि मला माझंच बोलणं लागलं. चित्र तर तिच्याजवळ होतंच. ती आली होती ती उभं राहायला.

"बसू," ती जरा वेळानं म्हणाली, "ते यंतर कशाला वरडतंय?"

"धातूला. चांदीला."

"मंग देव कुटं चांदीचा हाय?"

तिनं माझ्याकडची पाण्याची बाटली मागितली, दोन्ही हात धुतले, पदरानं पुसले. डबी उघडली. डाव्या तळहातावर लिंग घेतलं, रोज पूजेला घेते तसं, छातीशी. काळंभोर, गुळगुळीत, रोजच्या हातानं चमकणारं. रिकामी डबी तिनं माझ्या हातात दिली. "ही ठिव त्या टोपल्यात. चांदीच हाय ती."

मी डबी ट्रेमध्ये ठेवली. अक्का तळहात समोर धरून चौकटीतून गेली. चौकट गप्प राहिली.

उंच बाई वाकून तळहाताकडं बघायला लागली. "स्टोन?" तिनं विचारलं.

"गॉड," मी म्हणालो, जरा जोरातच.

ती सरळ झाली. हात हलवून जा म्हणाली. माफी नाही, हसू नाही. तेवढं तरी करायला हरकत नव्हती, असं माझं आजही मत आहे.

वर

डबी यंत्रातून बाहेर आली, मी अक्कापुढं धरली. तिनं मान हलवली. "बुटाच्या टोपल्यातनं आली ती. धुतल्याबिगर देव कसा ठिवू?"

बाटलीतलं पाणी हात धुण्यात संपलं होतं. मी म्हणालो, खाली जाऊन आणतो. ती म्हणाली, खाली गेलास तर ती बाई पुन्हा आत घील का? मग डबी मी खिशात टाकली आणि अक्का तळहातावर देव घेऊन चढायला लागली.

जिना दगडी, गोल गोल, एका माणसापुरता. उजवीकडं भिंतीला दोर. अक्काचा उजवा हात दोराला, डावा छातीशी. मी मागं, ती कलंडली तर धरायला. वरून उतरणाऱ्यांना भिंतीला चिकटून उभं राहावं लागे. ती हात खाली करत नसे आणि तो हात बघून कुणी तिला घाईही करत नसे. मध्येच आमचाच जथा उतरताना भेटला. पुढं इंजिनिअर साहेब.

"अजून हातातच?" ते म्हणाले. "डबी मिळाली ना परत?"

"मिळाली. पर न धुता त्यात देव ठिवत न्हाईत," अक्का धापा टाकत म्हणाली. "नियम म्हंजी नियम, साहेब."

साहेब भिंतीला इतके चिकटले की त्यांच्या पाठीला चुना लागला. मला जो आनंद झाला तो लिहिण्यासारखा नाही, तरी लिहिला.

वर पोचलो आणि वारा लागला. अक्का कठड्याशी गेली. खाली लाल कौलं, दाट, एकमेकांना खेटून. मधून वळलेली नदी. कमानींचा पूल, त्याच्यावर आमचे कालचे संत ठिपक्यांएवढे. टोकदार मनोरे आणि एक हिरवा घुमट. सगळं जागच्या जागी. जळकोटच्या भिंतीवर जसं होतं तसंच, फक्त खालून माणसांचा आवाज येत होता, आणि चित्राला आवाज नसतो.

अक्कानं कौलांवरून नदीपर्यंत नजर फिरवली. मग तिनं डावा हात कठड्याच्या वर धरला, उजव्याची ओंजळ त्याला लावली आणि तळहात नदीकडं वळवला.

"बग," ती देवाला म्हणाली. "इतकी वर्सं माज्या गळ्यातनं तूबी तेच चित्र बगत व्हतास."

मला रडू आलं. वारा लागला म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं सांगता आलं असतं, पण आलं ते रडूच. ह्या एवढ्यासाठी आलेल्या बाईला बाकावर बसवून निघून गेले होते सगळे! आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. मॅडम. "काका, बस थांबवलीय, लवकर या." मी फोन बंद करून खिशात ठेवला.

खाली आल्यावर चौकात एक पिण्याच्या पाण्याचा नळ सापडला. अक्कानं डबी धुतली, पुन्हा धुतली, पदरानं आतून कोरडी केली, देव ठेवला, दोरा गळ्यात घातला. दूर कोपऱ्यावर आमचा जथा उभा होता. साहेब मनगटावरच्या घड्याळाकडं बोट दाखवत होते. आम्ही सावकाश गेलो.

उदगीर

तर व्याही, हे असं आहे. जाऊ नका, कारण दगड चाकं मोडतात, सूपमध्ये काय असेल सांगता येत नाही, घड्याळ उगाच नावाजलेलं आहे आणि तुमच्या देवाला बुटांच्या ट्रेमध्ये जागा देतात. जा, कारण पूल खरोखर चित्रासारखा आहे, ट्राम वेळेवर येते, जुनं कसं सांभाळावं ते कळतं आणि त्या मनोऱ्यावरून जे दिसतं ते दिसतं. मी तराजू धरून किती दिवस बसलो, काटा स्थिर होईना. माझ्या रागाचं वजन एका पारड्यात घालायचं की नाही, हेच ठरेना.

हे सगळं लिहून व्याह्यांना पाठवलं. त्यांनी वाचलं की नाही कोण जाणे. रविवारी परत फोन. "अप्पा, लई लांबलंय हो ते. जावं का न्हाई, एवढंच सांगा."

अक्का तेव्हा आमच्याकडंच आली होती, ओसरीवर शेंगा फोडत बसलेली. मी आवाज मोठा करून फोन तिच्याकडं दिला. तिला विचारायला हवं होतं, आणि हे मला आधी सुचलं नव्हतं.

"जावा की, पावणे," अक्का म्हणाली. "बगण्यासारखं हाय. निसतं डबी तेवढी घरी ठिवा. देव कापडात बांधून न्या."

मला व्याह्यांची उघडी गुंडी दिसत होती.

"कापड कोणचं?" अखेर त्यांनी विचारलं.

"सुती," अक्का शेंग फोडत म्हणाली. "धुता आलं पायजे."